सेवेचा दिनक्रम आणि लहान आनंद

(परिचारिका दिनानिमित्त आमच्या कळंबा येथील रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागातर्फे केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी किंचित संक्षेप करून येथे देत आहोत.)



दरवर्षी 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आपण परिचारिका दिन साजरा करतो. पुष्पगुच्छ देतो, गौरवाचे चार शब्द बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच परिचारिका त्याच वॉर्डात रुजू होतात. यंदा विश्वस्त मंडळाने आम्हांस सुचविले की, नेहमीच्या गौरवपर भाषणाऐवजी आपल्या भागात आधुनिक रुग्णसेवेची पायवाट ज्यांनी पाडली, त्या ख्रिस्ती मिशनरी सेवाव्रतींच्या दैनंदिन जीवनाविषयी काही सांगावे. ही सूचना आम्ही आनंदाने स्वीकारली.

आरंभीच दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक वाटते. एक म्हणजे आमचा ट्रस्ट कोणत्याही धर्मसंस्थेशी संलग्न नाही. येथे सर्व धर्मांचे व जातींचे रुग्ण येतात आणि सर्व धर्मांचे कर्मचारी त्यांची सेवा करतात. दुसरी गोष्ट अशी की, आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचा दिवस बिले, पगारपत्रके, औषधांचा साठा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे पाठवावयाची विवरणपत्रे यांत जातो. त्यामुळे या विषयाकडे आम्ही इतिहासकाराच्या किंवा धर्मोपदेशकाच्या नजरेने पाहू शकत नाही. रुग्णालय चालविणाऱ्याच्या मनात येतो तोच प्रश्न आमच्या मनात आला. परक्या देशात, अपुऱ्या साधनांनिशी, ही माणसे वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकली कशी?

या प्रश्नाचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर ‘त्याग’ हे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यागाच्या बळावर माणूस घर सोडतो, समुद्र ओलांडतो. पण पंधराव्या वर्षी, पावसाळ्यातील एखाद्या ओल्या सकाळी, पुन्हा त्याच जखमेची पट्टी बदलावयास उठण्यासाठी त्याग पुरा पडत नाही. त्यासाठी त्या कामातच रोज काहीतरी आनंद सापडावा लागतो. आज आपल्यापुढे मांडावयाचा मुद्दा एवढाच आहे, आणि त्याचा आपल्या रुग्णालयाच्या कारभाराशी फार जवळचा संबंध आहे.

कोल्हापूर आणि मिरज

रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1846 साली सपत्नीक हिंदुस्थानात आले. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला मुंबई गाठण्यास कित्येक महिने लागत. आरंभी अहमदनगर येथे काम करून 1852 साली ते कोल्हापुरात आले. नगरातून त्यांना मोठा विरोध झाला, तरी ते राहिले. शाळा काढल्या, भाषा आत्मसात केली, आणि सुमारे दोन तपे येथे काढून 1875 साली मायदेशी परतले. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म 1863 साली कोल्हापुरातच झाला. पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचे ते एक प्रवर्तक ठरले. कन्या ग्रेस या मोठेपणी पुन्हा याच मुलखात कामासाठी आल्या. शहरातील वाइल्डर यांच्या नावाचे चर्च, एस्तेर पॅटन यांच्या नावाची शाळा आणि मेरी वानलेस यांच्या नावाचे रुग्णालय या खुणा आपल्यापैकी अनेकांना परिचयाच्या आहेत.

रुग्णसेवेच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे नाव मिरजेचे. डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 साली कॅनडात झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून 1889 साली ते पत्नीसह सांगलीला आले. नंतर त्यांनी मिरजेत दवाखाना उघडला आणि 1894 साली तेथे रुग्णालय सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. 1891 साली कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाल्यावर कोल्हापूरही त्याला जोडले गेले. त्यामुळे बैलगाडीच्या टप्प्यापलीकडचा रुग्णही मिरजेपर्यंत पोहोचू लागला. कोकण, कर्नाटक आणि देशावरून रुग्ण येऊ लागले. राजर्षी शाहू महाराजांचा डॉ. वानलेस यांच्याशी स्नेह होता. 1928 साली डॉ. वानलेस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याच सुमारास ते निवृत्त झाले आणि 1933 साली त्यांचे निधन झाले.

या मोठ्या घटनांची नोंद इतिहासात झालेली आहे. आज आपल्याला पाहावयाचे आहे ते त्यामधले रोजचे दिवस.

दिवस कसा जात असे

मिशनच्या रुग्णालयाचा दिवस पहाटे सुरू होई. प्रार्थना, मग वॉर्डात फेरी, मग बाह्यरुग्णांची रांग. उन्हे चढण्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकण्याची घाई असे. विजेचे पंखे व दिवे येण्यापूर्वीच्या काळात उजेड आणि उकाडा या दोन्हींचा विचार करून काम आखावे लागे. दुपारी पत्रव्यवहार, औषधे तयार करणे, शिकाऊ मुला-मुलींचे वर्ग. संध्याकाळी पुन्हा फेरी, आणि रात्री-अपरात्री दारात उभी राहणारी बैलगाडी.

हिवाळ्यात, पिके निघाली की खेड्यापाड्यांचे दौरे निघत. तंबू, औषधांच्या पेट्या आणि भांडीकुंडी बैलगाड्यांवर लादून मंडळी गावोगाव मुक्काम करीत. उन्हाळा असह्य झाला की काही दिवस पन्हाळ्यासारख्या थंड ठिकाणी काढीत. पन्हाळ्यालाही मिशनचे ठाणे होते.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारे पहिले काम म्हणजे मराठी शिकणे. पहिली एक-दोन वर्षे पंडितापुढे बसून बाराखडीपासून आरंभ करावयाचा आणि मग भाषेची परीक्षा द्यावयाची, असा मिशनचा नियम असे. मोठी पदवी घेऊन आलेल्या माणसाला येथे लहान मुलासारखे ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला भेद गिरवावा लागे. मराठी रुग्ण ‘पोटात कळ येते’ म्हणतो, ‘डोकं ठणकतं’ म्हणतो, ‘अंग कसकसतं’ म्हणतो, ‘छातीत धडधडतं’ म्हणतो. या प्रत्येक शब्दामागची वेदना वेगळी असते आणि तिचा भेद कोणत्याही शब्दकोशातून पुरता कळत नाही. तो रुग्णाच्या उशाशी बसूनच शिकावा लागतो. ज्या दिवशी म्हातारी आपल्या बोलीत तक्रार सांगते आणि परदेशी डॉक्टरला ती दुभाष्यावाचून कळते, त्या दिवसाचा आनंद केवढा असेल, याची कल्पना आपण करू शकतो. केरळातून किंवा उत्तरेतून येऊन आपल्याकडे रुजू झालेल्या परिचारिकांना तो कल्पनेनेही जाणावा लागत नाही. तो त्यांनी स्वतः अनुभवला आहे.

आनंदाची मुदत

डोळ्यांचे रुग्ण, क्षयरुग्ण आणि कुष्ठरुग्ण या तीन प्रकारच्या रुग्णांची सेवा मिरजेच्या परिसरात मिशनऱ्यांनी विशेषत्वाने केली. प्रत्येक ठिकाणी आनंद मिळण्यास लागणारा काळ वेगळा होता. आम्ही हिशेबाची माणसे असल्याने आम्हांस ती मुदत ठेवींसारखी वाटते.

पहिली मुदत अगदी अल्प. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही डॉ. वानलेस यांच्या ख्यातीचा मोठा भाग होती. आज मोतीबिंदूचा रुग्ण सकाळी येतो, कृत्रिम भिंग बसवून घेतो आणि बहुधा त्याच दिवशी घरी जातो. त्या काळी भिंग बसविण्याची सोय नव्हती आणि जखम शिवण्याची साधनेही आजच्यासारखी नाजूक नव्हती. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्ट्या बांधून रुग्णाला कित्येक दिवस उताणे, मान न हलविता पडून राहावे लागे. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत. खोकला आला, शिंक आली तरी धोका. त्या दिवसांत रुग्णाला भरवणे, त्याच्या हाती पाणी देणे, ‘हलू नका’ म्हणून शंभरदा सांगणे हे सारे परिचारिकेचे आणि नातेवाइकांचे काम. मग पट्टी सोडण्याचा दिवस येई. जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढे आणि वर्षानुवर्षे आवाजावरून ओळखलेला नातू पहिल्यांदा चेहऱ्याने दिसे. आठ-दहा दिवसांच्या काळजीनंतर मिळणारा हा आनंद एका क्षणाचा असे, पण तो साऱ्या वॉर्डाचा असे.

दुसरी मुदत महिन्यांची. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1940 च्या दशकात सापडले. त्यापूर्वी मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि धीर हाच मुख्य उपचार होता. तेथे पट्टी सोडण्याचा असा एक दिवस नसे. ठरावीक दिवशी रुग्णाला काट्यावर उभे करीत. वजन अर्ध्या शेराने वाढले तर वॉर्डात समाधान, घटले तर शांतता. सायंकाळचा ताप एका अंशाने उतरला, आज खोकल्यात रक्त दिसले नाही, काल दहा पावले चालला तो आज वडापर्यंत गेला, एवढ्याशा नोंदींवर तेथील सेवक महिनोन् महिने जगत.

तिसरी मुदत वर्षांची, कधी जन्माची. मिरजेत कुष्ठरुग्णांसाठीही मिशनचे रुग्णालय उभे राहिले. 1940 च्या दशकात सल्फोन औषधे वापरात आली आणि 1980 च्या दशकात अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती रूढ झाली. त्यापूर्वी कडूकवठाच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने हाच काय तो उपाय होता, आणि त्याचा गुण अनिश्चित. हाता-पायांची संवेदना गेल्यामुळे रुग्णाला भाजलेले, टोचलेले कळत नसे. त्यामुळे खरे काम असे ते रोज पाय धुणे, भिजवणे, जखम साफ करणे, पट्टी बांधणे आणि उद्या पुन्हा तेच करणे. तेथे ‘बरा झाला’ हा शब्द उच्चारणेही कठीण. तरीही एखादी जुनी जखम भरून आली, एखाद्या बोटाचे टोक वाचले, वर्षानुवर्षे कोणी न विचारलेल्या माणसाला घरून पत्र आले, यांतच तेथील आनंद होता. आणि ज्याला घरच्यांनीही दूर लोटले त्या माणसाला रोज कोणीतरी हात लावतो, या एका गोष्टीचे मोल कोणत्या खात्यात मांडावे, हे आमच्या शिक्षणात शिकविलेले नाही.

या तिन्ही ठिकाणी साधने थोडी होती, पण कामाचे फळ ते काम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येत होते. ज्या परिचारिकेने वाळूची पिशवी सरळ केली, तिच्यासमोरच पट्टी सुटे. ज्याने दूध तापवले, त्याला काट्यावरचा आकडा कळे. आम्हांस वाटते की, ही माणसे टिकली याचे मोठे कारण येथे आहे.

कामाबाहेरचे लहान सुख

रुग्णालयाबाहेरही आनंदाच्या जागा होत्या. सहा-सात आठवड्यांपूर्वी लिहिलेले आईचे पत्र टपालातून हाती पडे. वळवाचा पहिला पाऊस येई आणि उन्हाळाभर तापलेले अंगण निवे. बरा होऊन गेलेला शेतकरी पुढच्या मोसमात गुऱ्हाळावरची काकवी किंवा टोपलीभर वांगी घेऊन पुन्हा दारात येई. आपल्या कोल्हापूर भागातील माणूस पैशाने फेडू शकला नाही तरी मोकळ्या हाताने येत नाही, हे आम्हीही रोज पाहतो. आजही आमच्या बिल खिडकीवर गुळाची ढेप ठेवून जाणारे लोक आहेत. तिची पावती कशी करावी, हा प्रश्न रोखपालांना दरवर्षी पडतो. शेवटी ती स्वयंपाकघरात जमा होते आणि त्या आठवड्यात सर्वांना गुळाचा चहा मिळतो.

ख्रिस्ती सेवाव्रतींचे हे जीवन केवळ परदेशी माणसांचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या निराधार मुली-बायांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. तेथे बाया छापखान्यात खिळे जुळवीत, माग चालवीत, तेल गाळीत, शेती करीत. स्वतः रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम अखेरपर्यंत करीत राहिल्या आणि 1922 साली त्यांचे निधन झाले. ज्या हातांना भीक मागावी लागली असती, ते हात छापील पान काढू लागले, हे त्या घरातले रोजचे सुख.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. ताटातूट, दारिद्र्य, साथीचे रोग, लोकापवाद यांनी भरलेल्या त्या आयुष्यात हसू किती आहे, हे वाचकाला प्रत्येक प्रकरणात जाणवते. दुःखाच्या शेजारीच विनोद नांदू शकतो, हे मराठी माणसाला इतक्या सहजपणे दुसऱ्या कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

याखेरीज ज्यांची नावे कोणत्याच पुस्तकात नाहीत, असे असंख्य लोक होते. औषधे कुटणारे कंपाउंडर, पाणी भरणारे, रात्री कंदील घेऊन वॉर्डात बसणारे, आणि पहिल्या पिढीच्या परिचारिका. त्या काळी प्रतिष्ठित घरांतील मुली या कामास येत नसत. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे आरंभीच्या परिचारिकांत ख्रिस्ती मुली, विधवा आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली यांचा भरणा होता. त्यांनी हे काम केले म्हणून पुढे ते सन्मानाचे ठरले. आज आपल्या परिचारिकांना आपण मानाने ‘सिस्टर’ म्हणतो. तो मान त्या पहिल्या मुलींनी मिळवून ठेवला आहे.

एक प्रामाणिक शंका

या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू नव्हता काय, असे येथे कोणी विचारील. हेतू होता, आणि त्यांनी तो लपविलेला नाही. बाह्यरुग्णांची रांग सुरू होण्यापूर्वी उपदेश होत असे. समाजातील अनेकांना ते रुचले नाही, वादही झाले. आपला समाज या बाबतीत चतुर होता. असंख्य रुग्णांनी औषध घेतले, उपदेश ऐकून घेतला आणि घरी जाऊन आपल्या देवाला नारळ फोडला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तितक्याच मनापासून पुढचा रुग्ण तपासला. श्रद्धा ज्याची त्याची. जखम धुण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच शिकता येते.

दुसरी वस्तुस्थिती अधिक गंभीर आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी सेवाव्रती हळूहळू परत गेले, परदेशातून येणारा निधी आटत गेला, औषधे व यंत्रसामग्री महाग होत गेली, आणि देशभरातील अनेक मिशन रुग्णालये आर्थिक अडचणीत सापडली. चांगुलपणाने सुरू झालेल्या संस्थेलाही पगार वेळेवर द्यावेच लागतात. आनंदावर माणसे टिकतात असे आम्ही म्हणालो, ते वेतनाच्या बदली म्हणून नव्हे, हे विश्वस्तांपुढे स्पष्ट करतो. पोटभर वेतन ही पहिली पायरी होय. आनंदाचा विचार त्यानंतरचा.

आपल्या रुग्णालयाविषयी

कळंबा तलावाच्या बाजूने येणारा वारा आणि शहराचा वाढता पसारा यांच्यामध्ये आपले हे रुग्णालय उभे आहे. धर्मादाय रुग्णालय म्हणून दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवणे, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करणे, ही जबाबदारी आपल्यावर आहे व ती आपण पार पाडतो. आपली आजची मोठी चिंता वेगळी आहे. प्रशिक्षित परिचारिका दोन-तीन वर्षांत सोडून जातात. कोणी पुण्या-मुंबईला, कोणी आखाती देशांत, कोणी युरोपात. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्याही घरी कर्ज आहे, धाकट्या भावाचे शिक्षण आहे.

परंतु सोडून जाणाऱ्या भगिनींशी आम्ही बोलतो, तेव्हा पगारानंतरचे दुसरे कारण बहुधा थकव्याचे असते. कागद वाढले आहेत. विम्याचे अर्ज, संगणकावरील नोंदी, तपासणीची प्रमाणपत्रे. यांतील बरेचसे आमच्याच विभागाकडून जाते आणि ते टाळता येत नाही. रुग्ण बरा होऊन जातो तेव्हा ती परिचारिका दुसऱ्या पाळीत असते किंवा फॉर्म भरत असते. रुग्णाचे आभार बिल खिडकीला मिळतात. ज्या हातांनी चौदा रात्री सलाइन बदलले, त्यांना तो घरी गेल्याचेही कळत नाही. पट्टी सुटते, पण वाळूची पिशवी धरणारी तेथे नसते.

म्हणून गेल्या काही काळात आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्या आहेत. घरी जाणाऱ्या रुग्णास व त्याच्या नातेवाइकांस बिल झाल्यानंतर एकदा वॉर्डात परत नेण्यात येते, म्हणजे निरोप तेथे होतो. सकाळी पाळी बदलताना रुग्णांची माहिती देण्याबरोबरच कालच्या दिवसातील एक चांगली गोष्ट सांगितली जाते. आणि तीन महिन्यांनी तपासणीस येणाऱ्या रुग्णाची वार्ता ज्या वॉर्डातून तो गेला तेथे कळविण्यात येते. यांतील कोणत्याच गोष्टीस खर्च येत नाही, आणि लेखापरीक्षकांनीही त्यास हरकत घेतलेली नाही.

काही गोष्टींस मात्र खर्च येतो. देणगीदारांस आमची नम्र विनंती त्याबाबत आहे. यंत्रासाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो आणि कृतज्ञ राहतो. परंतु परिचारिकांच्या वसतिगृहाची गळकी कौले, रात्रपाळीनंतर चार तास शांत झोप मिळेल अशी एक खोली, बाहेरगावच्या नातेवाइकांना दोन भाकऱ्या भाजता येतील अशी शेड, यांना पाटी लावण्यास जागा नसते. जुन्या मिशन रुग्णालयांत नातेवाईक आवारातच तीन दगडांची चूल मांडीत. रुग्णाला घरच्या हातचे मिळे आणि नातेवाइकाला आपणही काही करतो आहोत असे वाटे. आज अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे उघडी चूल मांडता येत नाही. पण गॅसच्या चार शेगड्या आणि पाण्याचा एक नळ एवढी सोय आपण निश्चितच करू शकतो. यासाठी ‘कर्मचारी व नातेवाईक सुविधा’ असे स्वतंत्र खाते उघडण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती दिली आहे. त्याचा जमाखर्च दरवर्षी याच अहवालात सादर करण्यात येईल.

रुग्णांच्या नातेवाइकांस एवढेच सांगावयाचे आहे की, आपला रुग्ण बरा झाल्यावर डॉक्टरांना पेढे द्या, पण ज्यांनी रात्री उठून पाणी पाजले त्यांचे नाव विचारून घ्या आणि त्यांना भेटून जा. पुढे कधी या बाजूला आलात तर दोन मिनिटे वॉर्डात डोकवा. आपण स्वतःच्या पायांनी चालत आलात, एवढे पाहणे त्यांना पुरेसे असते.

परिचारिका भगिनी आणि बंधूंनो, ज्या मुलींनी सव्वाशे वर्षांपूर्वी या भागात हे काम प्रथम हाती घेतले, त्यांच्या वाट्याला सन्मान थोडा आणि निंदा पुष्कळ आली. तरी त्या दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, कारण आदल्या रात्री ताप उतरू लागलेला एक रुग्ण त्यांना सकाळी पाहावयाचा होता. आपल्यालाही उद्या सकाळी असा एखादा रुग्ण पाहावयाचा असेल. आपल्याला त्याच्याजवळ थांबण्यास वेळ मिळावा, यासाठी प्रशासन म्हणून जे करणे शक्य आहे ते आम्ही करीत राहू, असे आश्वासन देतो.